रेगिनाचा तक्ता

तादेक जन्मला तेव्हा रेगिना सव्वीस वर्षांची होती आणि तिच्या लग्नाला पाच वर्षं पुरी व्हायची होती. तादेक तिसरा. त्याच्या वेळी रक्त इतकं गेलं, की जिल्ह्याच्या दवाखान्यात दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. चौथ्या दिवशी डॉक्टर कॉटशी आले, कागद वाचला आणि म्हणाले, "पुढची तीन वर्षं तरी दिवस जाता कामा नयेत. शरीर भरून यायला हवं."

"ते कसं करायचं, डॉक्टर?" रेगिनानं विचारलं.

डॉक्टर एव्हाना पुढच्या कॉटकडे वळले होते. उशी सारखी करणारी नर्स म्हणाली, "नवऱ्याला सांगा."

नवऱ्याला काय सांगायचं? लुद्विक काही दांडगट माणूस नव्हता. लिपोवा गावच्या दूध संकलन केंद्रावर तो पहाटे पाचला हजर असे, बायाबापड्यांनी आणलेल्या किटल्यांतलं दूध तपासून घेई, आणि दुपारी घरी आला की पोरांना अंगाखांद्यावर घेऊन अंगणभर फिरे. रेगिनावर त्याचा जीव होता. त्यांनी देवाच्या भरवशावर सगळं सोडून दिलं होतं असंही नव्हतं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रेगिना पाळीच्या तारखेला फुली मारत असे आणि चौदा मोजून त्याच्या अलीकडचे-पलीकडचे दिवस टाळायचे, एवढं तिला मैत्रिणीनं शिकवलं होतं. पण तिची पाळी कधी सव्विसाव्या दिवशी येई, कधी अडतिसाव्या. मधला मारेक कॅलेंडरनं दिला आणि तादेकही कॅलेंडरनंच दिला. केंद्रावरचे लोक लुद्विकला म्हणायचे, "काय रे, नव्या वर्षाचं कॅलेंडर आणलंस की नाही?"

दुसरी साधनं नव्हती असं नाही. तालुक्याच्या औषधाच्या दुकानात कधी मिळत, कधी नसत. पण चर्चला ती मंजूर नव्हती, म्हणून रेगिनाला ती नको होती. रविवारी ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत तिला मान वर करून उभं राहायचं होतं. हा तिचा स्वतःचा हट्ट होता. फादरांनी तिला त्याबद्दल एका शब्दानं विचारलं नव्हतं.

म्हणून दवाखान्यातून घरी आल्यावर तिनं एक घोंगडी आणि उशी उचलली आणि स्वयंपाकघरातल्या लांब बाकावर ठेवली. लुद्विकनं पाहिलं. बाक त्याच्यापेक्षा वीतभर आखूड होता.

आठ महिने झाले तरी तो तिथंच झोपत होता.

सुरुवातीला रेगिनाला सुटल्यासारखं वाटलं. मग हळूहळू घरात काहीतरी आक्रसत गेलं. ती त्याच्या बाजूनं जाताना अंग चोरायला लागली. त्यानं केसांवरून हात फिरवला तर ती दचके, कारण हात फिरवण्याचं पुढे काय होतं हे तिला ठाऊक होतं. एकदा ती विहिरीवरून बादली घेऊन येत होती, तो समोरून आला आणि त्याचा हात तिच्या हाताला लागला. तिनं हात असा झटक्यानं मागे घेतला की निम्मं पाणी दोघांच्या पायांवर सांडलं.

"मी बादली घेत होतो गं," लुद्विक म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते तिला लागलं. त्या दिवशी बीट किसताना ती रडली आणि साबिनानं, तिच्या थोरल्या लेकीनं, विचारलं तेव्हा कांद्याचं नाव सांगितलं. पोर म्हणाली, "पण आई, कांदा कुठाय?"

त्याच आठवड्यात चर्चच्या दारावर एक कागद लागला. निवृत्त सुईण तेओफिलाबाई दर गुरुवारी चार वाजता चर्चमागच्या खोलीत विवाहित स्त्रियांशी बोलणार होत्या. कशाबद्दल, ते कागदावर मोघम लिहिलं होतं; पण तेओफिलाबाईंनी अर्ध्या गावाच्या नाळा कापल्या होत्या, तेव्हा कशाबद्दल ते सगळ्यांना कळलं. रेगिना गेली ती मेणबत्त्या घ्यायला म्हणून गेली. दोन मेणबत्त्या पिशवीत टाकून दाराशी घोटाळत राहिली.

"आत ये, पोरी," तेओफिलाबाई आतून म्हणाल्या. "मेणबत्त्या वितळायच्या नाहीत एवढ्यात."

आत चार बायका होत्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. तेओफिलाबाई सत्तरीच्या, बुटक्या, रुंद हाडाच्या. त्यांनी फळ्यावर चित्रबित्र काही काढलं नाही. भाजीबाजाराबद्दल बोलावं तशा बोलायला लागल्या.

"पहिली गोष्ट, ते कॅलेंडर विसरा. कॅलेंडर घड्याळासारखं चालतं, आणि तुम्ही काही घड्याळ नाही. काळजी लागली, सर्दी झाली, पोराला गोवर आला, की बीज सुटायला उशीर होतो. मग चौदावा दिवस धरून काय उपयोग? बीज कधी सुटतंय ते शरीर दाखवतं. बघायला शिका."

मग त्यांनी सांगितलं. पाळी संपली की बहुधा काही दिवस कोरडे जातात. मग ओल दिसू लागते, आधी चिकट, पांढरट. एक दिवस असा येतो की ती स्वच्छ, निसरडी होते, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी. दोन बोटांत धरून ताणली तरी तुटत नाही. तेव्हा समजायचं की बीज सुटायच्या बेतात आहे. बीज जेमतेम एक दिवस जगतं. पण पुरुषाचं बीज त्या ओलीत पाच-पाच दिवस तग धरतं. म्हणून सावध राहायचं ते ओल दिसल्याच्या पहिल्या दिवसापासून.

"आणि संपलं कधी म्हणायचं?" कोपऱ्यातल्या एकीनं विचारलं.

"त्याला थर्मामीटर. सकाळी डोळा उघडल्याबरोबर, पाय खाली टाकायच्या आधी, रोज त्याच वेळी, जिभेखाली. बीज सुटलं की पारा दोन-तीन रेघा वर चढतो आणि पुढची पाळी येईपर्यंत वरच राहतो. आधीच्या सहा सकाळींपेक्षा वरच्या अशा लागोपाठ तीन सकाळी मिळाल्या, आणि ती निसरडी ओल जाऊनही तीन दिवस झाले, की त्या दिवशी संध्याकाळपासून मोकळं. दोन्ही जमलं पाहिजे. एक जमलं आणि एक नाही, तर थांबायचं. आणि पहिले तीन महिने नुसतं लिहायचं, नवऱ्याला जवळ फिरकू द्यायचं नाही."

"तो आठ महिने बाकावर झोपतोय," रेगिनाच्या तोंडून निघून गेलं.

चौघींनी पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग चौघी एकदम हसल्या, आणि रेगिनालाही हसू आलं, कितीतरी दिवसांनी.

"मग त्याला तीन महिने जड नाहीत," तेओफिलाबाई म्हणाल्या. "त्याला सगळं सांग. हे एकटीनं करायचं काम नाही. जो नवरा वाट बघणार, त्याला कशाची वाट बघतोय ते तरी माहीत असू दे."

रेगिनानं त्याला लगेच सांगितलं नाही. शब्दच सापडेनात. शनिवारी ती शेवया करायला बसली, पिठाच्या आळ्यात अंडं फोडलं, आणि थोडा पांढरा बलक बोटांना लागला. तिनं अंगठा आणि तर्जनी हळूच लांब केली. मध्ये काचेसारखा धागा. तिला आठवलं, की हे तिनं दर महिन्याला पाहिलं होतं, तेरा वर्षांची झाल्यापासून. तिला ती काहीतरी घाण वाटायची. कपड्यानं पुसून ती कुणाला दिसू नये असं बघायची.

लुद्विक दारात उभा होता. "काय बघतेस एवढं?"

तिनं त्याला खाली बसवलं आणि अंड्यावरच सगळं समजावलं. बोलताना तिचे कान तापले. लुद्विक मात्र केंद्रावर नवं यंत्र आलं असावं तसा मन लावून ऐकत होता. थर्मामीटरचं नाव निघालं तेव्हा त्याचा चेहरा उजळला.

"ते माझ्यावर सोड," तो म्हणाला. "पारा वाचण्यात माझा हात धरणारा आख्ख्या पंचक्रोशीत नाही."

सोमवारी पहाटे त्यानं तिला उठवलं ते केंद्रावरचा थर्मामीटर हातात घेऊन. हातभर लांब, लाकडी चौकटीतला. रेगिनानं डोळे चोळले. "हे दुधाचं आहे, लुद्विक! हे मी तोंडात धरू?"

"उकळून आणलंय."

ती एवढी हसली की तादेक जागा झाला. त्या दिवशी लुद्विकनं तालुक्याहून तापाचा थर्मामीटर आणला आणि शाळेच्या दुकानातून आलेखाच्या कागदाची वही. तेव्हापासून रोज पावणेपाचला, कामावर निघायच्या आधी, तो पारा झटकून थर्मामीटर तिच्या जिभेखाली ठेवी, कॉटच्या कडेला बसून बूट घाली, आणि बुटांच्या नाड्या बांधून होईतो वेळ भरलेली असे. मग खिडकीशी जाऊन तो वाची: "छत्तीस-चार." आणि वहीत ठिपका. ओलीचं रेगिना स्वतः लिही, ठिपक्याखाली एखादं अक्षर. तादेकनं रात्री जागवलं असेल तर लुद्विक ठिपक्याभोवती वर्तुळ काढी आणि बाजूला "तादेक" असं लिही.

पहिल्या तक्त्यात ठिपके खालीच रेंगाळले. चौदावा दिवस आला नि गेला. विसावा गेला. तेविसाव्या दिवशी रेगिनाला तो धागा दिसला. सव्विसाव्या सकाळी लुद्विक खिडकीशी जरा जास्त वेळ उभा राहिला.

"छत्तीस-सात," तो म्हणाला. मग वही उलटीसुलटी करून हिशेब जुळवला आणि हळूच म्हणाला, "रेन्या, म्हणजे आपण चौदाव्याला सोवळं पाळून बसायचो, आणि नेमके…"

"नेमके तेविसाव्याला," रेगिना म्हणाली.

"मारेक बिचारा. आणि मी त्या मैत्रिणीला दर नाताळात केक पाठवतो!"

तक्ता कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला असे. तिथंच तो ब्रोन्याबाईंना सापडला. ब्रोन्याबाई म्हणजे लुद्विकची आई. अंगणापलीकडच्या खोलीत राहायच्या, दिवसातून चार वेळा यायच्या, आणि रेगिनाचं प्रत्येक काम त्यांच्या मते थोडं चुकीच्या पद्धतीनं चाललेलं असे. एके दुपारी रेगिना कपडे वाळत घालून आत आली तर सासू कपाटासमोर उभी, हातात रास्पबेरीच्या काढ्याची बाटली, आणि डोळे भरलेले.

"मला सांगितलं नाहीस," ब्रोन्याबाई म्हणाल्या. "रोजचा ताप लिहून ठेवताय. छातीचं दुखणं आहे ना? माझी बहीण अशीच गेली. आणि मी तुला रोज बोलत असते."

"आई, मला काही झालेलं नाही."

"मग हे काय आहे?"

रेगिनाला वाटलं, काहीतरी थाप मारून मोकळं व्हावं. पण त्या बाटलीकडे बघून तिला थाप सुचेना. तिनं सासूला खुर्ची दिली आणि सांगितलं. ओल, पारा, वर गेलेले ठिपके. ब्रोन्याबाई ऐकत राहिल्या, हात मांडीवर घट्ट धरून. मध्ये एकदा त्यांनी बोट पुढे करून तक्त्यावरची उंच रेघ चाचपून पाहिली.

"हे सगळ्या बायकांना होतं?"

"सगळ्यांना, आई. दिवस मागेपुढे होतात, पण होतं."

"मलाही होत असणार."

"हो."

ब्रोन्याबाईंना नऊ मुलं झाली होती. चार गेली, त्यांतली दोन एकाच हिवाळ्यात. त्या कधी त्याबद्दल बोलत नसत. आता मात्र खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "सहावी झाल्यावर मी तुझ्या सासऱ्याला म्हटलं, तू जनावर आहेस. तोंडावर म्हटलं. तो उठला आणि उन्हाळाभर गोठ्यात झोपला. मग थंडी पडली, मीच त्याला आत बोलावला, आणि सातवा. मला वाटायचं त्याच्यात काहीतरी वाईट आहे, किंवा माझ्यात. आणि एवढंच होतं? महिन्यातले आठ-दहा दिवस?"

रेगिना उठून जवळ गेली. तिनं सासूच्या खांद्यावर हात ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"मला कुणी सांगितलं असतं तर," ब्रोन्याबाई म्हणाल्या. मग नाक पुसून उठल्या, काढ्याची बाटली टेबलावर ठेवली आणि जाता जाता म्हणाल्या, "तरी हा घे. वाळली आहेस. आणि ते कपडे असे ओढून वाळत घालू नयेत, वाकडे वाळतात."

त्या रविवारी त्या नवऱ्याच्या कबरीवर गेल्या आणि बराच वेळ तिथं बसल्या. पुढे कधी त्यांनी हा विषय काढला नाही. पण लुद्विक पहाटे निघताना अंगणात भेटला तर त्या विचारायच्या, "चढला का?" आणि तो म्हणायचा, "अजून नाही, आई."

तीन महिने संपले तेव्हा ऑक्टोबर होता. लुद्विकनं बाकावरची घोंगडी स्वतः घडी करून ठेवली. चौथ्या तक्त्यावर तिसरा उंच ठिपका देऊन तो कामावर गेला, आणि त्या दिवशी केंद्रावर त्यानं दोन बायकांच्या नोंदी एकमेकींच्या नावावर लिहिल्या.

सोपं होतं असं नाही. रेगिनाचा महिना लांबला की वाट बघणंही लांबे. कधी त्याच्यावरून भांडणं झाली. एकदा लुद्विकनं थर्मामीटर आदळला आणि मग दोघं गुडघ्यांवर बसून कागदाच्या तुकड्यानं पाऱ्याचे मणी गोळा करत होते, पोरांना बाहेर पिटाळून. पण तो हात फिरवायचा तेव्हा ती आता दचकत नव्हती. नुसता हात म्हणजे नुसता हात, हे दोघांनाही ठरवता येत होतं.

चार वर्षं तक्त्यांनी साथ दिली. पाचव्या वर्षी उन्हाळ्यात लुद्विकच्या भावाचं लग्न होतं. त्या आठवड्यात रेगिनाला सर्दी-पडसं झालं होतं. पारा तीन सकाळी वर होता, सदतीसपर्यंत. ओलीचा धागा मात्र अजून आलेला नव्हता.

"हा सर्दीचा असेल," रेगिना म्हणाली.

"वर आहे की पण," लुद्विक म्हणाला. "तीन दिवस आहे."

ती निळ्या फ्रॉकमध्ये होती आणि बाहेर अकॉर्डियन वाजत होतं. तिनं पुढे काही म्हटलं नाही.

पुढच्या महिन्यात पारा चढला आणि उतरलाच नाही, पाळीही आली नाही. सोळा सकाळी, अठरा, एकोणीस. विसाव्या सकाळी लुद्विक खिडकीशी उभा राहिला आणि वळेना. त्याचे खांदे हलत होते. डॉक्टरांचे शब्द त्याला पाठ होते.

"मी चुकीचं वाचलं, रेन्या. माझ्यामुळं…"

"तू बरोबर वाचलंस," रेगिना म्हणाली. "आकडे बरोबर होते. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. इकडे ये."

या वेळी मात्र शरीर भरून आलेलं होतं. उर्शुला मार्चमध्ये जन्मली, सहज, तासाभरात, जणू तिला कुठंतरी पोचायची घाई होती. रक्त जेवढं जायला हवं तेवढंच गेलं. दवाखान्यात तीच नर्स होती. "पाच वर्षं?" ती कागद बघून म्हणाली. "कसं जमवलंत?"

"नवऱ्याला सांगितलं," रेगिना म्हणाली.

उर्शुला वर्षाची झाली तेव्हा तेओफिलाबाई काठी टेकत घरी आल्या. त्यांना आता चर्चच्या पायऱ्या चढवत नव्हत्या.

"गुरुवार तू घे," त्या म्हणाल्या.

"मी? बाई, माझी चौथी तक्त्यातून निसटलेली आहे. आख्ख्या गावाला माहीत आहे. मी कुठल्या तोंडानं शिकवू?"

"म्हणून तर तुझ्याकडे आले. जिचं कधी चुकलं नाही ती म्हणेल हे सोपं आहे. तू सांगशील सर्दीत काय होतं."

रेगिना शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरीला लागली होती. गुरुवारी तीनला सुटायची, साडेतीनला चर्चमागच्या खोलीची शेगडी पेटवायची. लग्न ठरलेल्या पोरी आपापल्या होणाऱ्या नवऱ्यांना घेऊन यायच्या, कारण चर्चमध्ये लग्न लावायचं तर आधी तीनदा येऊन सही घेणं आता भाग होतं. मुलगे भिंतीला पाठ लावून बुटांकडे बघत बसत. रेगिना पहिल्याच गुरुवारी एक अंडं बशीत फोडून टेबलावर ठेवी. त्यांना हसून घेऊ देई. मग म्हणे, "झालं हसून? आता बोट लावून बघा." आणि सगळ्यांना उर्शुलाची गोष्ट सांगे, काही न लपवता.

सगळ्यांना मुलं टाळायचीच असत असं नाही. एदिता नावाची एक बाई मूल व्हावं म्हणून आली. तिच्या तक्त्यांवर ठिपके महिनोन्‌महिने सपाट जायचे, चढ नावाला नाही. रेगिनानं तिला स्पष्ट सांगितलं, "बीज सुटत नसावं. हे माझ्या हातातलं नाही, तू मोठ्या दवाखान्यात जा," आणि सोबत गेलीही. उपचार झाले, उपयोग झाला नाही. एदिता तरीही गुरुवारी येत राहिली. खुर्च्या मांडायची, चहा करायची. एकदा रेगिनानं विचारलं, "तुला त्रास होत नाही का गं इथं?" एदिता म्हणाली, "घरी जास्त होतो."

आणि मग क्लारा. ही शिवणकाम करायची. लग्नाला तीन वर्षं झाली होती. नवरा गुस्ताव दूर कोळशाच्या खाणीत, दर दुसऱ्या शनिवारी घरी यायचा आणि रविवारी संध्याकाळची गाडी पकडायचा. डॉक्टरांनी दोघांना तपासलं, दोष कुठंच नव्हता. सासू मात्र क्लाराला ऐकू जाईल अशा बेतानं शेजारणीला सांगायची, की काही जमिनीतच दगड असतात.

क्लारानं चार तक्ते आणले. रेगिना ते घेऊन लुद्विकशेजारी बसली. क्लाराची पाळी म्हणजे नमुना होती: सोमवारी-मंगळवारी यायची, बरोबर चार आठवड्यांनी. धागा तेराव्या दिवशी, चढ पंधराव्या-सोळाव्याला. कुठं खोट नाही.

"गुस्ताव कधी येतो, त्यावर खूण कर," लुद्विक म्हणाला.

रेगिनानं खुणा केल्या. सहावा दिवस. विसावा दिवस. पुढच्या तक्त्यावरही सहावा आणि विसावा. त्याच्या पुढच्यावर पाचवा आणि एकोणिसावा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"अरे देवा," लुद्विक म्हणाला. "पोरगा दर खेपेला गाडी चुकवतोय."

गुरुवारी रेगिनानं क्लाराला तक्ता दाखवला. "हेच एक कारण असेल असं मी सांगत नाही. पण एकदा तरी त्याला तेराव्या दिवशी घरात असू दे."

तेरावा दिवस नेमका गुस्ताव खाणीत असलेल्या शनिवारी-रविवारी यायचा, तर क्लारा काय करणार! रजा मागायला कारण हवं. तिनं पोस्टात जाऊन तार केली: आजी गंभीर, लगेच ये. गुस्ताव त्याच्या आजीच्या अंगाखांद्यावर वाढलेला. शुक्रवारी सकाळी तो काळा कोट घालून, फुलांचं मोठं चक्र खांद्याला अडकवून फाटकातून आत आला. आजी अंगणात शेंगा सोलत बसली होती.

"अगंबाई, माझ्यासाठी?" आजी म्हणाली. "पण माझ्या नावाच्या संताचा सण, माझा नामदिन, तर गेल्या महिन्यात झाला."

गुस्ताव असा भडकला म्हणतात, की त्याचा आवाज चर्चपर्यंत गेला. क्लारानं त्याला हाताला धरून आत नेलं, दार लावलं आणि तक्ता पुढे केला. मग बराच वेळ आवाज आला नाही. आजीनं ते चक्र स्वतःच्या दारावर टांगलं आणि फुलं सुकेपर्यंत काढू दिलं नाही.

त्या महिन्यात काही झालं नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. आजीला परत मारता येत नव्हतं, म्हणून गुस्तावनं खाणीत आपल्या टोळीला खरं काय ते सांगून टाकलं. त्यांनी आधी त्याची यथेच्छ टिंगल केली, आणि मग कामाच्या पाळ्या आपसात वाटून घेतल्या. टोळीचा मुकादम दर महिन्याला विचारायचा, "कधी रे तुझा तेरावा?" आणि दुसरं कुणीतरी त्याच्या जागी खाली उतरायचं.

फेब्रुवारीत एका सकाळी रेगिना शाळेत बटाटे सोलत असताना क्लारा धावत आली. डोक्याला रुमाल नाही, बुटांत बर्फ. तिनं तक्ता सालींच्या ढिगाऱ्यावरच ठेवला.

"एकवीस," ती धापा टाकत म्हणाली. "एकवीस सकाळी वर आहे. मला भीती वाटते, मी झटकला नाही तर उद्याही तोच आकडा दिसेल, म्हणून तीन-तीनदा झटकते."

रेगिनानं हात पुसले, ठिपके एकेक करून मोजले. बरोबर एकवीस. तिनं क्लाराला जवळ घेतलं आणि स्वयंपाकिणींनी पळी-झारे खाली ठेवले. ऑक्टोबरात क्लाराला मुलगी झाली. टोळीतली अकरा माणसं बाप्तिस्म्याला आली, प्रत्येकाला ती पोर आपल्यामुळं झाल्यासारखं वाटत होतं.

रेगिनानं गुरुवार एकोणीस वर्षं चालवले. पुढे पुढे लुद्विकही यायला लागला. तो खोलीत बसत नसे. मुलग्यांना बाहेर लिंडेनच्या झाडाखाली घेऊन जायचा, कारण आत त्यांच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. एका मे महिन्यात खिडकी उघडी होती. रेगिना एका पोरीचा तक्ता तपासत होती, आणि बाहेरून एका जाड आवाजाच्या मुलाचा प्रश्न ऐकू आला.

"काका, खरं सांगा. ते दहा-बारा दिवस तुम्ही करता काय?"

"पत्ते खेळतो," लुद्विक म्हणाला.

"रोज?"

"रोज. लाकडं फोडतो, भांडतो, तिचे पाय चेपून देतो. पण जास्त करून पत्ते. आणि सांगून ठेवतो, ती लबाडी करते."

मुलगे हसले. रेगिनानं पेन्सिल खाली ठेवली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"काल बाहीत राजा कुणी लपवला होता ते पण सांग त्यांना," ती म्हणाली, आणि परत आत येऊन त्या पोरीला विचारलं, "हं, अठराव्या दिवशी काय लिहिलंयस हे? नीट वाचता येत नाही."